काचेमागची लढाई

आमच्या एका स्नेह्यांचे चिरंजीव फ्रान्सहून परततांना एक जुनें काचचित्र घेऊन आले. श्वेत अश्वावर नेपोलियन, भोंवतीं उंच केसाळ टोप्यांचे सैनिक, खालीं ऑस्टर्लिट्झचें नांव. काचेला खालच्या कोपऱ्यांत तडा गेलेला. "एवढी काच बदलून आणतों," म्हणून स्नेही चौकटवाल्याकडे निघाले होते. सुदैवानें मी वेळेवर पोहोंचलों.

काच बदलली असती, तर चित्रच गेलें असतें! न्यायशास्त्रांत संयोग व समवाय असे दोन संबंध सांगितले आहेत. आपल्या भिंतीवरील तसबिरीशीं काचेचा केवळ संयोग असतो. एक काढून दुसरी बसवितां येते. येथें मात्र जणूं समवायच. छापील चित्र भिजवून तें राळेच्या चिकट लेपावर, काचेच्या पाठीस पालथें चिकटवीत. वाळल्यावर कागद पुन्हां ओला करून बोटांनीं हलक्या हातें चोळून काढीत. शाईच्या रेषा तेवढ्या काचेवर उरत. त्यांच्या मागून तैलरंग भरीत. भिंगांतून पाहिल्यास खोदकामाच्या बारीक रेषा दिसतात. त्यांवरून हें छापाचें काम ओळखावें.

काचेच्या पाठीवर हातानें चित्र रंगविण्याची कला तंजावरासही रुजली. तेथील चित्रकार अलंकार आधीं व पार्श्वभूमि शेवटीं रंगवीत. तेव्हां ज्यांच्या घरीं वडिलार्जित काचचित्र असेल, त्यांनीं दिवाळीच्या साफसफाईंत त्याच्या पाठीस ओलें फडकें लावूं नये, कागद चिकटवूं नये, व तें उन्हांत ठेवूं नये. पुसावयाची ती समोरची बाजू, तीही कोरड्या मऊ कापडानें.

ऑस्टर्लिट्झची लढाई २ डिसेंबर १८०५ रोजीं झाली. नेपोलियननें ऑस्ट्रिया व रशिया यांच्या सैन्यांचा पराभव केला. त्या विजयांत सुमारें तेराशें फ्रेंच सैनिक कामास आले. चित्रांत मात्र घोड्याच्या पायांशीं एकच शिपाई पडलेला आहे, आणि तडा नेमका त्याच्यावरून गेला आहे.

"तेवढेंच डोळ्यांस खटकतें," स्नेही म्हणाले.

मी म्हटलें, "खटकूं द्या. बाकीच्यांना चित्रांत जागाच मिळाली नाहीं. ह्या एकाला तरी आपल्या हातानें पुसूं नये."

त्यांनीं चित्र आहे तसेंच भिंतीवर लावलें. येणारा पाहुणा आधीं सम्राटाकडे पाहतो. तडा दिसल्यावर वांकून त्या शिपायाकडेही पाहतो.