रिकीब : चढण्याची दोरी

इंग्रजी उताऱ्याच्या अनुवादात एका विद्यार्थ्याने 'स्टिरप'ला 'रिकीब' हा प्रतिशब्द लिहिला होता. आम्ही तो खोडून त्यावर 'पादाधार' असे लिहिले. शब्द परका वाटला, एवढेच त्याचे कारण. त्या लाल रेघेची आज आम्हांला लाज वाटते.

'स्टिरप'चे जुन्या इंग्रजीतील रूप 'स्टीगराप'. त्याचा पूर्वार्ध 'चढणे' या अर्थाच्या 'स्टीगन' धातूचा. जिन्याला इंग्रजीत 'स्टेअर' म्हणतात तो शब्दही याच कुळातला. उत्तरार्ध 'राप' म्हणजे आजचा 'रोप'. थोडक्यात, चढण्याची दोरी. रिकीब पुढे लोखंडाची झाली, तरी शब्दातली दोरी काही सुटली नाही! जर्मन भाषेने दोरीच्या जागी वाकवलेली कमान घेतली. चढणे मात्र तिनेही राखले.

चढण्यावरचा हा भर अनाठायी नाही. चीनमध्ये चांगशाजवळच्या इ. स. ३०२ च्या थडग्यात सापडलेल्या मातीच्या घोड्याला रिकीब आहे ती एकच, डाव्या बाजूला. ती स्वारी करताना पाय रोवण्यासाठी नसून वर चढण्यासाठी असावी, असे अभ्यासक मानतात. आपल्याकडे सांचीच्या शिल्पांत तर त्याच्याही आधीची, नुसती दोरीवजा रिकीब दिसते. रोमन स्वार रिकिबीविनाच घोडा दौडवीत. त्यामुळे अभिजात लॅटिनमध्ये तिला शब्दच नाही. कानातल्या चिमुकल्या हाडाचे 'स्टेपीझ' हे नाव नंतरच्या लॅटिनमधले. आपल्या शालेय पुस्तकांनी त्या हाडाला सरळ 'रिकीब' म्हटले, हे उत्तम केले.

आणि 'रिकीब' तरी परकी कशी? मूळ अरबी 'रिकाब'; 'स्वार होणे' या अर्थाच्या धातूपासून आलेला. फारसीच्या वाटेने तो मराठीत आला आणि मराठ्यांच्या घोदळात मुरला. इंग्रजी शब्द चढणारा माणूस पाहतो, अरबी शब्द चढलेला. 'पादाधार' दोघांनाही पाहत नाही. पाय ठेवायचे पाटही पादाधारच की! राज्यव्यवहारकोशाच्या काळी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय शोधण्यामागे राज्यस्थापनेचे प्रयोजन होते. आमच्या लाल शाईमागे केवळ सवय होती.

त्याच उताऱ्यात पुढे 'स्टिरप कप' आला होता. रिकिबीत पाय घालून निघालेल्या पाहुण्याला देतात तो मद्याचा पेला. विद्यार्थ्याने 'निरोपाचा पेला' असे लिहिले होते. तेथेही आम्ही प्रश्नचिन्ह काढले होते.