विरळणीच्या दिवसांत पाळणाघर : पोरं किती घ्यायची?

द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी आटोपली, की आमच्या निफाड-दिंडोरी पट्ट्यात बायामाणसांना पाठ टेकायला सवड राहात नाही. आधी काडीला पेस्ट, मग फेलफूट काढणे, शेंडे मारणे, डिपिंग, आणि सगळ्यांत किचकट म्हणजे विरळणी. कामे बोटांची, म्हणून बायकांची. पेठ-सुरगाण्याकडच्या टोळ्याही याच दिवसांत खाली उतरतात. बाई बागेत आली की तिच्या कडेवरचे पोरही बागेत येते. दोन खांबांना साडीची झोळी, झोळीत तान्हे, आणि चार ओळी पलीकडे ब्लोअर चालू. हे मी दरवर्षी बघतो. आपणही बघता.

या पानावर आम्ही लोक बहुधा डाउनीला काय मारावे, भुरीला काय मारावे हे सांगतो. आज विषय माझ्या खात्याचा नाही. पण बांधावर फिरणाऱ्या माणसाला खाते सोडून बाकीचेच जास्त दिसते. शिवाय पेस्टच्या औषधाचा रिकामा डबा हातात घेऊन खेळणारे पोर मी स्वतः पाहिले आहे. कळ्या फोडायला आपण जे हायड्रोजन सायनामाईड वापरतो ते किती जहाल असते, हे हातमोजे न घालता काम केलेल्या कोणालाही विचारा. तेव्हा लहान पोरांनी बागेत असता कामा नये, इथपर्यंत कोणाचे दुमत नसावे. मग त्यांनी असावे कुठे?

अंगणवाडी आहे, असे उत्तर ग्रामपंचायतीत लगेच मिळते. अंगणवाडीची थोरवी मी कमी लेखत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला हे काम आरंभले आणि पोरे शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात नेली, म्हणून तो शब्द आपल्याकडे रुजला. पण आजची अंगणवाडी तीन ते सहा वर्षांच्या मुलांना बसवते, आणि तेही काही तास. तीनच्या खालच्यांना वजन, लसीकरण आणि घरी न्यायचा आहार मिळतो. बाई सकाळी आठला पिकअपमध्ये चढते, ती उतरते पाच-साडेपाचला. दीड वर्षाच्या पोराचे हे नऊ तास कोणाच्या हिशोबात नाहीत. म्हणून गावोगाव एखादी बाई आपल्या घरातच पोरे सांभाळू लागली आहे. पाटी नाही, नोंद नाही, पण पाळणाघरच ते.

गेल्या हंगामात आमच्या हद्दीतल्या एका गावात असेच घडले. एका मावशींनी पाच पोरांवर सुरुवात केली. बायकांत बोलबाला झाला. विरळणी जोरावर आली तेव्हा पोरे झाली सतरा. मी एकदा पाणी प्यायला थांबलो तर ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. म्हटले, "मावशी, एवढी कशी आवरता?" त्या म्हणाल्या, "भाऊसाहेब, एकीला हो म्हटलं अन् दुसरीला नाही कसं म्हणू? सगळ्या भावकीतल्याच."

पुढे आठ-दहा दिवसांनी दोन वर्षांचे एक पोर मागच्या दाराने निघाले आणि गोठ्यामागच्या हौदाच्या कठड्यावर चढले. शेजारची बाई धुणे घेऊन आली होती म्हणून बरे, तिने त्याला मागच्या मागे ओढले. मावशी त्या वेळी एकाला भात भरवत होत्या आणि दुसऱ्याला मांडीवर थोपटत होत्या. चूक कोणाची म्हणणार? दुसऱ्या दिवशी त्यांनी दार लावले ते लावलेच. त्याच आठवड्यात मी बागांतून फिरलो तेव्हा झोळ्या परत खांबांना लटकत होत्या.

म्हणजे सतरा घेतली आणि शून्यावर आलो. सहा-सात घेतली असती तर हंगामभर सहा-सात तरी सांभाळली गेली असती. माझे म्हणणे एवढेच आहे, की पाळणाघर काढायचे ठरले की खाऊ काय, पाळणे किती, पैसे किती याच्या आधी पोरांचा आकडा ठरवावा, आणि तो त्या बाईने एकटीने ठरवू नये.

आता आकडा कसा काढायचा. सरकारी कागदात आकडे आहेत. केंद्राच्या २०१३ च्या बालशिक्षण धोरणात तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक मोठे माणूस आणि तीन ते सहाच्या वीस मुलांमागे एक, असे प्रमाण दिले आहे. पाळणाघराच्या केंद्रीय योजनेत एका पाळणाघराला २५ मुले धरली आहेत. सरपंच मंडळी हा पंचवीसचा आकडा तेवढा उचलतात. त्या पंचविसांमागे एक सेविका आणि एक मदतनीस अशी दोन माणसे आहेत, हे कोणी वाचत नाही. आणि ही प्रमाणे केंद्रासाठी आहेत. घरात चूल पेटलेली असते, दारात बैल असतो, पाण्याचा हंडा भरायचा असतो, सासऱ्यांना चहा लागतो. केंद्राचे माप घराला लावणे म्हणजे बागायती वाणाची शिफारस कोरडवाहूला देण्यासारखे आहे.

घराचे माप घरातच काढावे. रांगणाऱ्या किंवा नुकत्या चालू लागलेल्या एका पोराला दिवसात तीन वेळा भरवायचे, प्रत्येक वेळी वीस मिनिटे धरा, झाला एक तास. धुणे-पुसणे-बदलणे पाच-सहा वेळा, त्याचा अर्धा तास. दोनदा झोपवायचे, अर्धा तास. दोन तास गेले. अशी तीन पोरे म्हणजे सहा तास. नऊ तासांच्या दिवसात उरले तीन, त्यात स्वयंपाक, पाणी, स्वतःचे जेवण, आणि बाकीच्या थोराड पोरांवर डोळा. चौथे तान्हे घेतले की कोणीतरी ओल्या लंगोटात राहणार किंवा कोणावरची तरी नजर हटणार. म्हणून एकटी बाई असेल तर कडेवरची तीन, आणि पळती-बोलती आणखी तीन, एकूण सहा, याच्यावर मी जाणार नाही. कडेवरचे एकही नसेल तर आठ चालतील. दुसरी धडधाकट बाई दिवसभर असेल तर दहापर्यंत जावे. दुप्पट बारा धरू नयेत, कारण दोघींतली एक बराच वेळ चुलीपाशी असते. गुडघे धरलेली आजी ही दुसरी बाई नव्हे. तिचा आधार मोठा, पण पळत्या पोरामागे तिला धावता येत नाही.

जागेचाही हिशोब बघा. त्याच धोरणात तीस मुलांना ३५ चौरस मीटरची खोली सांगितली आहे, म्हणजे मुलामागे साधारण साडेबारा चौरस फूट. आपल्याकडची खोली दहा बाय बारा फुटांची. १२० फुटांत नऊ मुले बसली. पण त्यात दिवाण आहे, कपाट आहे, युरियाच्या गोणी आहेत (असतातच, आणि त्या आधी बाहेर काढा). उरली सहा-सात मुलांची जागा. आकडा फिरून तिथेच येतो.

यात दोन फसगती नेहमी होतात. पहिली, स्वतःची पोरे मोजत नाहीत. मावशींच्या सतरात त्यांची दोन नातवंडे नव्हती. वास्तविक त्या दिवशी घरात एकोणीस होती. आपले मूल घरचे म्हणून कमी रडत नाही, उलट दुसऱ्याला मांडीवर घेतले की तेच आधी भोकाड पसरते. दुसरी फसगत हजेरीची. "दहा लिहिली तरी रोज सातच येतात" असे सांगतात. खरे आहे, पण विरळणी ऐन भरात आली की दहाच्या दहा येतात, आणि त्याच दिवशी घरची सूनही मजुरीला गेलेली असते. विहिरीवर किती क्षेत्र भिजेल हे आपण श्रावणातल्या पाण्यावर ठरवत नाही, एप्रिलमधल्या पाण्यावर ठरवतो. पाळणाघराची नोंदणीही सगळ्यांत गर्दीच्या दिवसावर करावी. तसेच टोळीतल्या बायांसाठी एक-दोन जागा मोकळ्या ठेवाव्यात. गावातल्या पोराला निदान आजी असते, पेठहून आलेल्या पोराला झोळीशिवाय काही नसते.

काही जुनी माणसे म्हणतात, आमच्या वाड्यात पंधरा पोरे होती, कोणी मोजली नाहीत. बरोबर. पण त्या वाड्यात चार जावा, दोन नणंदा आणि एक विधवा आत्या होती, त्याही कोणी मोजल्या नाहीत.

आता पैशाकडे येतो, कारण खरी गोची तिथे आहे. समजा मुलामागे दिवसाला ४० रुपये घेतले. सहा मुलांचे २४० झाले. त्यातून भात, डाळ, दूध, साबण. विरळणीला बाई गेली तर तिला याहून जास्त सुटतात. मग ती सहावर का थांबेल? ती बारा घेणार, पंधरा घेणार. तिला लोभी म्हणणारे भेटतात मला. लोभ नाही, तिची मजुरी पडावी म्हणून चाललेली धडपड आहे ती. तेव्हा सहा मुलांत तिची मजुरी कशी पडेल हे बघणे आपले काम आहे. मुलामागे ७० रुपये पडले तर सहांचे ४२० होतात, त्यात खर्च जाऊनही काही राहते. हे ७० आईने एकटीने देणे जमणार नाही. तिने ३० द्यावेत आणि ज्याच्या बागेत ती विरळणी करते त्याने ४०.

बागायतदार बंधूंना हे आवडणार नाही, ठाऊक आहे. पण मण्याच्या साईजपायी विरळणी दोन-चार दिवस मागे गेली तर काय होते ते तुम्ही मला सांगायचे. पोर तापले म्हणून बाई घरी राहिली, की तुम्ही मुकादमाला फोनवर काय काय बोलता तेही मी ऐकलेले आहे. एकरी औषधावर जो खर्च होतो, त्यापुढे हे चाळीस रुपये कुठे दिसणारही नाहीत. आणि ही काही जगावेगळी कल्पना नव्हे. २००५ च्या केंद्राच्या रोजगार हमी कायद्यातच लिहिले होते, की कामावर बायांबरोबर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुले असतील तर त्यांतल्याच एका बाईला मुले सांभाळायला ठेवावे आणि तिला मजुरी द्यावी. पोरे सांभाळणारी बाई ही मजूरच, हे तिथे मान्य केले होते. किती कामांवर ते पाळले गेले हा वेगळा विषय, त्यात आज शिरत नाही.

ग्रामपंचायतीनेही हात वर करू नयेत. स्वउत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. दरवर्षी मार्चअखेर त्यातून काय घेतले जाते हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत. त्यातून एका घराच्या मागच्या दाराला कडी, हौदाला झाकण, दोन चटया आणि एक औषधपेटी एवढे केले तरी पुष्कळ झाले. शेततळ्याजवळचे घर असेल तर तिथे पाळणाघर नकोच. प्लॅस्टिकच्या कागदावरून मोठा माणूसही वर येऊ शकत नाही.

उरला भावकीचा प्रश्न, आणि मला तो सगळ्यांत अवघड वाटतो. मावशींना सतरा पोरे जड होतात हे कळत नव्हते असे नाही. त्यांना नाही म्हणता येत नव्हते. यंदा त्यांना परत सुरू करा म्हणून बायकाच विनवायला गेल्या, तेव्हा बचत गटाच्या बैठकीत मी मुद्दाम हा विषय काढला. बरीच बाचाबाची झाली. कोणाचे पोर आधी, कोणाचे नंतर, यावरून एक-दोघी उठूनही गेल्या. शेवटी मावशी आणि त्यांची सून मिळून आठ, असे ठरले. दहा म्हणण्याइतकी सून मोकळी नसते, दुपारी दोन तास ती गोठ्यात असते. नवव्या बाईने चौकशी केली तर नकार मावशींनी द्यायचा नाही, गटाच्या अध्यक्षांनी द्यायचा. दाराशेजारी खडूने आकडा लिहिला. वाट बघणाऱ्या तिघींसाठी दुसऱ्या आळीत दुसरे घर बघायचे ठरले, ते अजून मिळालेले नाही. त्या तिघींची पोरे सध्या बागेतच आहेत, हेही सांगितले पाहिजे.

परवा शनिवारी गेलो होतो. दारावर आठ लिहिलेले, आत मोजली तर नऊ. मावशींना म्हटले, "हे काय?" तर म्हणाल्या, "नववी माझी नात, भाऊसाहेब. आज शाळा सकाळची, लवकर सुटली. तिलाबी मोजायचं का?"

मोजायचे, म्हटले. नात पाटी-दप्तर घेऊन चुलतीकडे गेली, जाताना माझ्याकडे बघून तोंड वेडावले.