सगळ्या कुलपांना एकच किल्ली नको

शाळेच्या संगणक-कक्षात एक तक्रार वारंवार ऐकू येते. ‘सर, याच्यावर इंटरनेट लागत नाही!’ सर येतात, आपल्या नावाने संगणक उघडतात, आणि काय आश्चर्य! त्याच यंत्रावर इंटरनेट लगेच सुरू होते. पुन्हा विद्यार्थ्याचे खाते उघडावे, तर पुन्हा नकार. तोवर तास संपत आलेला असतो. मग सर सोपा मार्ग धरतात आणि संगणकाचा मुख्य पासवर्ड फळ्यावर लिहून टाकतात. त्या दिवसापुरते सर्वांचे काम भागते. परंतु आमच्या मते हा रोगापेक्षा इलाज भयंकर आहे. आणि खरा इलाज तितकासा अवघडही नाही.

लिनक्स असा नकार का देते, ते आधी पाहू. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्स लिहावयास घेतले, ते युनिक्सच्या धर्तीवर. युनिक्सचा जन्म १९६९ सालचा, अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतला. त्या काळी एका संगणकावर अनेक माणसे काम करीत. एकाने दुसऱ्याचे काम बिघडवू नये, म्हणून प्रत्येकाचे अधिकार निराळे ठेवावे लागले. सर्वाधिकारी असा एकच, त्याचे नाव ‘रूट’. फळ्यावर लिहिला गेला तो पासवर्ड म्हणजे या रूटच्या अधिकारांची किल्ली.

आता इंटरनेटची जोडणी ही साऱ्या यंत्राची असते. एकाने तिची मांडणी बदलली, की तिच्यावर अवलंबून असणारे सगळेच अडतात. म्हणून आजच्या बहुतेक लिनक्स संगणकांवर हे काम दोघांत वाटलेले आहे. ‘नेटवर्क मॅनेजर’ प्रत्यक्ष जोडणी करतो, तर ‘पोलकिट’ हा पहारेकरी मागणाऱ्याला परवानगी आहे की नाही, एवढेच सांगतो.

दहिसरच्या वाचकांना हे समजणे सोपे जाईल. ऑक्टोबर २०२४ मध्ये दहिसरसह मुंबईच्या पाच प्रवेश-नाक्यांवर हलक्या मोटारींना पथकर माफ झाला; जड मालमोटारींचा मात्र तेव्हा कायम राहिला. रस्ता तोच आणि नाकाही तोच. पण कोणते वाहन आहे, हे पाहून नियम लागतो. पोलकिटही असेच विचारतो : कोण आले आहे? काय करू मागते? प्रत्यक्ष यंत्रासमोर बसले आहे, की दुरून दुसऱ्या संगणकावरून आले आहे? दुरून येणाऱ्याला तो पुष्कळदा अडवतो. उत्तरही तीन प्रकारचे असते : ‘हो’, ‘नाही’, किंवा ‘पासवर्ड सांगा, मग पाहू’.

तेव्हा बिघाड शोधताना वैज्ञानिकाप्रमाणे एकेक शक्यता बाद करीत जावे. पहिला प्रश्न : दोष परवानगीचाच आहे का? कोणत्याच खात्यातून जोडणी होत नसेल, तर आधी तार, वायफायचे बटण आणि राउटर तपासावे. एका खात्यातून होते आणि दुसऱ्यातून होत नाही, असे असेल तरच परवानगीवर संशय घ्यावा.

दुसरा प्रश्न : कोणती परवानगी नाही? टर्मिनलवर ‘एनएमसीएलआय जनरल परमिशन्स’ ही आज्ञा इंग्रजी लिपीत द्यावी. संगणक सगळी यादीच पुढे ठेवतो. वायफाय चालू-बंद करणे, स्वतःपुरती जोडणी बदलणे, सर्वांची जोडणी बदलणे, अशा प्रत्येक कामापुढे वरील तीनपैकी एक उत्तर असते. ‘आयडी’ ही आज्ञा दिली, तर आपण कोणकोणत्या गटांत आहोत तेही कळते. डेबियन या लिनक्सच्या प्रकारात ‘नेटडेव्ह’ नावाचा गट याच कामासाठी आहे.

तिसरा प्रश्न : जोडणी एकाच माणसाच्या नावावर तर नाही ना? जोडणीच्या मांडणीत ‘सर्व वापरकर्त्यांना ही जोडणी वापरता येईल’ अशा अर्थाची एक चौकट असते. सरांनी आपल्या खात्यातून जोडणी केली आणि तेथे खूण केली नाही, तर ती एकट्या सरांचीच राहते! वायफायचा पासवर्डही कधी कधी त्यांच्याच खात्यात साठवलेला असतो. खूण करावी, पासवर्ड सर्वांसाठी साठवावा, की काम झाले. मात्र एका वेळी एकच बदल करावा; नाही तर गुण कशाने आला ते कळत नाही. आणि गट बदलला असेल, तर खाते बंद करून पुन्हा उघडावे. तोवर नवा गट लागू होत नाही.

यावर काही शिक्षक म्हणतील, ‘पस्तीस मिनिटांच्या तासात एवढा खटाटोप कोणी करावा?’ अडचण खरी आहे. पण रूटच्या अधिकाराने कोणाच्याही फायली वाचता येतात, पुसताही येतात. पासवर्ड सर्वांजवळ असला, की कोणी काय केले याचा छडा लागत नाही, आणि आळ भलत्याच मुलावर येतो. वाचलेली दहा मिनिटे अशी महाग पडतात. जेरोम साल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ सालीच एक तत्त्व सांगून ठेवले आहे : प्रत्येकाला त्याच्या कामापुरताच अधिकार द्यावा, त्याहून अधिक नको.

याचा अर्थ सारे काही कुलूपबंद करावे असा मात्र नव्हे. विद्यार्थ्याला कशालाच हात लावू न देणारा संगणक-कक्ष सुरक्षित असेल, पण तेथे शिक्षण होणार नाही. तेही तत्त्वाविरुद्धच आहे. कारण कामापुरता अधिकार तर दिलाच पाहिजे. आम्ही असे सुचवू : स्वतःपुरती जोडणी करण्याची परवानगी सर्व विद्यार्थ्यांना असावी, सर्वांची जोडणी बदलण्याची परवानगी शिक्षक आणि दोन जबाबदार विद्यार्थी यांनाच, आपापल्या खात्यातून असावी, आणि केलेला प्रत्येक बदल तारखेसह एका वहीत लिहावा.

पवईच्या आय. आय. टी.च्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ उपक्रमात लिनक्सचे पाठ मराठीतूनही मिळतात. ते पाहावेत, आणि पुढच्या तासाला प्रत्येकाने आपल्या खात्यातील परवानग्यांची यादी वहीत उतरवून शेजाऱ्याच्या यादीशी ताडून पाहावी. दोन याद्यांत फरक दिसला, तर ‘हा फरक का?’ असे शिक्षकांना अवश्य विचारावे. नकाराचे कारण विचारणे हा प्रत्येक विद्यार्थ्याचा हक्क आहे, आणि त्यासाठी कोणत्याही पासवर्डची गरज नाही.