पाचोळ्याचा जमाखर्च

माघ सरून फाल्गुन लागला की निगडी-प्राधिकरणातील रस्त्यांवर आणि आकुर्डी-चिंचवडच्या गृहसंस्थांच्या आवारात वाळलेल्या पानांचा खच पडतो. सकाळी तो झाडून कोपऱ्यात लोटला जातो. त्यातील बराचसा पोत्यांत भरून कचरागाडीत जातो. काही अद्यापही काडी लावून पेटविला जातो. त्याच सुमारास त्याच आवारातील कुंड्यांसाठी रोपवाटिकेतून लाल माती आणि खताच्या पिशव्या विकत आणल्या जातात. आपलीच वस्तू खर्च करून घालवावयाची आणि तिच्या जागी दुसरी पैसे मोजून आणावयाची, हा व्यवहार कोणत्याही शहाण्या जमाखर्चात बसणारा नाही.

वरवर पाहता हा प्रश्न हौशी बागवानांचा वाटेल. वस्तुतः तो नागरी अर्थव्यवस्थेचा आहे. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. पुढे औद्योगिक वसाहत आली. १९७० मध्ये नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. या वाढीचा लाभ शहराला झाला, हे निर्विवाद आहे. परंतु तिचा काही खर्च शहराने शेजारच्या गावांवर टाकला, हेही तितकेच खरे. कचरा मोशीला जातो, माती कुणाच्या तरी शेतातून वा टेकडीवरून खणून येते आणि पाणी मावळातून येते.

यातील पाण्याचा हिशेब सर्वांत गंभीर आहे. पवना धरणातून बंद जलवाहिनीने शहराला पाणी आणण्याच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर बऊर येथे आंदोलन झाले. पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. नोव्हेंबर २०१९ मध्ये शहरात दिवसाआड पाणीपुरवठा सुरू झाला. आंद्रा आणि भामा-आसखेड या धरणांकडेही शहराने हात पसरला, आणि त्या खोऱ्यांतही पाण्यावर हक्क सांगणारे शेतकरी आहेत. ज्या पाण्याला असा इतिहास आहे, ते चैत्रातील उन्हात उघड्या मातीवर ओतून वाफ होऊ देणे ही केवळ निष्काळजी नव्हे. ती एक प्रकारची उधळपट्टी आहे.

तिच्यावरील उपाय अगदी साधा आहे. झाडाच्या बुंध्याभोवती थोडी जागा मोकळी सोडून मातीवर दोन-तीन इंच जाडीचे पाचोळ्याचे आच्छादन घातले, की माती तापत नाही, बाष्पीभवन घटते, तण कमी उगवते आणि वळवाच्या पावसाचे टपोरे थेंब मातीला थापटीत नाहीत. खालचा थर हळूहळू कुजून गांडुळांचे अन्न आणि झाडाचे खत होतो. मात्र ताजा पाचोळा मातीत कालवू नये. तो कुजविणारे जिवाणू मातीतील नत्र ओढून घेतात आणि रोप पिवळे पडते. औद्योगिक पट्ट्यात आणखी एक पथ्य आवश्यक आहे. कारखान्यातील सांडलेले तेल टिपलेला भुसा किंवा रंग लागलेल्या लाकडाचा चुरा फुकट मिळतो म्हणून भाजीच्या वाफ्यात घालू नये.

माती विकत आणावी लागत नाही, ती घडविता येते, हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी 'प्रयोग परिवारा'च्या द्वारे तो घरोघर नेला. उसाची चिपाडे, पालापाचोळा आणि स्वयंपाकघरातील ओला कचरा यांत थोडीशी माती मिसळून गच्चीवर भाजी पिकविता येते, हे त्यांच्या पद्धतीने दाखवून दिले. अलीकडे पुण्यातील 'ब्राउन लीफ' या उपक्रमाने ज्यांच्याकडे पाचोळा आहे आणि ज्यांना तो हवा आहे, अशांची गाठ घालून दिली. अर्थशास्त्राच्या भाषेत, जेथे बाजार नव्हता तेथे पुरवठा आणि मागणी यांची भेट झाली.

यावर एक रास्त आक्षेप आहे. भोसरीत किंवा चाकणमध्ये भाड्याच्या खोलीत राहून पाळ्यांमध्ये काम करणाऱ्या कामगाराला ना अंगण ना सवड. त्याने गच्चीवर वांगी लावावीत, हा उपदेश त्याची थट्टाच ठरेल. शिवाय घरच्या भाजीचा श्रमासह हिशेब मांडला, तर ती मंडईपेक्षा स्वस्त पडेलच असे नाही. परंतु यातून निष्कर्ष निघतो तो एवढाच, की ही जबाबदारी सर्वांची सारखी नाही. ज्यांच्याकडे अंगण, आवार आणि झाडे आहेत, अशा बंगल्यांची, गृहसंस्थांची, महाविद्यालयांची, कारखान्यांची आणि खुद्द महापालिकेच्या उद्यानांची ती प्रथम आहे. केंद्र सरकारच्या २०१६ च्या घनकचरा नियमांनी मोठ्या आस्थापनांना ओला कचरा शक्यतो जागेवरच जिरविण्यास सांगितले आणि उघड्यावर कचरा जाळण्यास मनाई केली. तरीही काडी पेटतेच. कारण धुराची किंमत पेटविणाऱ्याला मोजावी लागत नाही.

तेव्हा परसबागेचे मोल तिच्यातून निघालेल्या टोमॅटोंच्या वजनावर ठरवू नये. मोशीला किती पोती गेली नाहीत, किती माती खणली गेली नाही आणि पवनेचे किती पाणी वाचले, हे त्या बागेचे खरे उत्पन्न होय. एका कुंडीपुरते ते नगण्य आहे. परंतु शेजाऱ्यावर टाकलेला भारही असाच एकेका घराने, नगण्य म्हणूनच वाढविला आहे. तो उतरविण्याचा आरंभ झाडूखाली आलेल्या पाचोळ्यापासून करावयास काहीच खर्च येत नाही.