पतंग उडवा, पण आधी तारा पाहा

एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या वसाहतीतून एका भगिनीचं पत्र आलं आहे. परदेशातल्या धाकट्या दिरांनी पुतणीसाठी दोन दोऱ्यांचा कसरतीचा पतंग आणलाय. पोरगी संक्रांतीची वाट पाहत बसली आहे. सासूबाई म्हणतात, "मुलीच्या जातीला कशाला हवाय पतंग?" आणि या बाईंनी स्वतः जन्मात फिरकी धरण्यापलीकडे काही केलेलं नाही.

मैत्रिणींनो, आपल्यापैकी बहुतेकींचं असंच ना? पण आपल्याच जिल्ह्यात येवल्याला भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस घरंच्या घरं गच्चीवर असतात, आणि त्यात बायकाही. सासूबाईंना हा दाखला द्यावा. (तिळगूळ देऊन झाल्यावर, हळूच!)

मला काळजी वाटली ती निराळीच. ताई, तुमच्याकडे २१० मेगावॅटचे तीन संच, आणि तिथून निघालेल्या उच्च दाबाच्या तारा. अशा तारेला दोरा लागायलाच हवा असं नाही, फार जवळ गेला तरी वीज झेप घेते. ओला दोरा तर ती थेट हातापर्यंत आणतो. म्हणून वसाहतीत नको, गच्चीवर तर नकोच. जिथून एकही तार जवळ दिसत नाही असं मोकळं माळरान गाठा. आणि शिकायला संक्रांतीचा दिवस टाळा. नायलॉन मांजावर हरित लवादाने २०१७ साली देशभर बंदी घातली, तरी तो चोरून विकला जातोच. त्याने दुचाकीवरच्या माणसांचे गळे चिरले आहेत.

आता पतंगाकडे वळू. पानं आणि बारीक डहाळ्या हलत असल्या की वारा पुरेसा. पदर सावरता सावरेना, तर सरळ घरी परत या. दोन्ही दोरे अगदी सारख्या लांबीचे हवेत, नाहीतर पतंग एकाच बाजूला गिरक्या घेत बसतो. वारा पाठीवर घ्या, लेकीला पतंग उभा धरायला सांगा आणि दोन पावलं मागे सरा. उजवा हात ओढला की तो उजवीकडे वळतो, डावा ओढला की डावीकडे, हात बरोबरीत आले की सरळ. नवशिक्या बाया घाबरून दोन्ही हात डोक्यावर नेतात. हात कमरेशीच असू द्या. पतंग गोत खाऊन खाली येऊ लागला, तर मागे ओढू नका, उलट चार पावलं पुढे धावा, म्हणजे आपटला तरी जोर कमी लागतो. उतरवायचा झाला तर अगदी कडेला न्या, तिथे वाऱ्याची ओढ सरते. समोर मात्र कोणी उभं नको, पोरंटोरं सगळी आपल्या मागे. ताणलेला दोरा सुरीसारखा कापतो, तो बोटाला गुंडाळू नका.

एवढं करूनही पतंग तारेवर गेलाच, तर हातातलं तिथेच सोडा. ओढू नका, काठीने काढायला जाऊ नका. महावितरणला १९१२ वर कळवा. दिरांकडून दुसरा मागवता येईल.