हिंगोलीची लायगो आणि चार ओळींचं अपडेट : विखुरलेली टीम जोडून कशी ठेवायची?

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ तालुक्यातल्या दुधाळा इथे लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली. साधारण २०३० पर्यंत काम पूर्ण करायचं उद्दिष्ट ठेवलं आहे. जिल्ह्यात चर्चा जमीन, रस्ते आणि नोकऱ्यांची आहे, आणि ती व्हायलाच हवी. मला मात्र आणखी एक प्रश्न पडतो : या प्रकल्पातल्या माणसांना एकमेकांचं रोज काय चाललंय हे कळणार कसं?

कारण ही टीम एका छताखाली नाही. पुण्याची आयुका, इंदूरचं राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था, मुंबईतून बांधकाम पाहणारं अणुऊर्जा विभागाचं संचालनालय आणि प्रत्यक्ष जागा हिंगोलीत. शिवाय अमेरिका आणि युरोपातले सहकारी वेगळेच. आपल्याकडे यावरचं तयार उत्तर म्हणजे व्हॉट्सअॅप ग्रुप. लायगोचं उत्तर वेगळं आहे.

लायगोची ‘वही’

लायगोचे अमेरिकेत दोन डिटेक्टर आहेत. एक वॉशिंग्टन राज्यात हॅनफर्डला, दुसरा लुइझियानात लिव्हिंग्स्टनला. दोघांत सुमारे ३,००० किलोमीटरचं अंतर. दोन्हीकडे ‘ए-लॉग’ नावाची इलेक्ट्रॉनिक नोंदवही आहे. शिफ्ट बदलताना ऑपरेटर तिच्यात छोटी नोंद टाकतो : डिटेक्टर सुरू आहे की बंद, किती दूरपर्यंत ‘ऐकू’ येतंय, वारा किती, जमिनीची थरथर किती, जाणारा ऑपरेटर कोण, येणारा कोण, आणि दोन-चार ओळींत काय घडलं. बस्स.

ही वही इंटरनेटवर कुणालाही वाचता येते. मी ती अधूनमधून चाळतो. त्यातल्या बऱ्याच नोंदी कंटाळवाण्या असतात, आणि तेच तिचं बळ आहे. ‘विशेष काही नाही’ हेही लिहिलेलं असल्यामुळे विशेष काही घडलं की ते लगेच वेगळं दिसतं.

२०१७ मध्ये हॅनफर्डला डेटात अधूनमधून विचित्र झटके येत होते. शोध घेतल्यावर कारण सापडलं डोमकावळे! द्रव नायट्रोजनमुळे थंड होणाऱ्या नळीवर बर्फ जमायचा आणि तो कावळे टोचायचे. ४ किलोमीटर लांबीच्या हातात प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही छोटा बदल मोजणाऱ्या यंत्राला कावळ्याची चोचसुद्धा पुरते. अशा ठिकाणी कुठलं निरीक्षण महत्त्वाचं ठरेल, हे ते लिहिताना सांगताच येत नाही.

४० मिनिटांत जगभर

छोट्या संदेशाची ताकद १७ ऑगस्ट २०१७ ला दिसली. आपल्याकडे संध्याकाळचे ६ वाजून ११ मिनिटं झाली होती. दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीची लहर पृथ्वीवर पोचली. पावणेदोन सेकंदांनी फर्मी या अवकाश दुर्बिणीला गॅमा किरणांचा झोत दिसला. साधारण ४० मिनिटांत लायगो-व्हर्गोच्या टीमने जगभरातल्या सहकारी खगोलशास्त्रज्ञांना छोटा मजकूर पाठवला. लिव्हिंग्स्टनच्या डेटात नेमका त्याच वेळी गोंगाटाचा झटका आला होता, म्हणून पहिला संदेश एकट्या हॅनफर्डच्या नोंदीवर होता आणि त्यात ही ओळख ‘प्राथमिक’ असल्याचं स्पष्ट म्हटलं होतं. आकाशात नेमकं कुठे बघायचं याचा तिन्ही डिटेक्टरांचा मिळून नकाशा काही तासांनी गेला. घटनेनंतर सुमारे ११ तासांनी चिलीतल्या दुर्बिणीला तो प्रकाश सापडला. पुढे जवळपास ७० वेधशाळांनी तिकडे नजर वळवली.

सगळं पक्कं झाल्यावरच कळवू, असं ठरवलं असतं तर मावळता प्रकाश हातातून निसटला असता. जेवढं माहीत आहे तेवढं आणि ते किती पक्कं आहे, एवढं सांगणं पुरेसं होतं.

आपल्याकडे गाडी कुठे अडते?

आपल्याकडे अपडेट बहुतेक वेळा ‘वर’ पाठवलं जातं. फोटो टाका, आकडा भरा, हजेरी दाखवा. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाइल परत करून आंदोलन केलं. फोन चालत नाहीत, पोषण ट्रॅकर अॅप मराठीत नाही, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. माझ्या मते त्यामागचं दुखणं जास्त खोल आहे. भरलेली माहिती वर जाते, पण शेजारच्या गावातल्या सेविकेला तिचा उपयोग होत नाही, आणि भरणारीलाही परत काही मिळत नाही. मग अपडेट म्हणजे नुसतं ओझं होतं.

लायगोची नोंद पुढच्या शिफ्टच्या माणसासाठी असते. तो कामावर आला की सगळ्यात आधी तीच वाचतो, म्हणून लिहिणाराही मन लावून लिहितो.

दुधाळ्यात कोण लिहिणार?

उद्या दुधाळ्याची वही इंग्रजीत असेल, आणि जगाशी बोलायचं तर ते बरोबरच आहे. पण लिव्हिंग्स्टनला जशी मालगाडीची आणि झाडं तोडण्याची थरथर जाणवते, तसे आपल्याकडचे आवाजही इथलेच असतील : हंगामातले हळदीचे ट्रॅक्टर, बोअर मारणारी गाडी, पावसाळी वारा. हे आधी कुणाला कळेल? गेटवरच्या वॉचमनला, ड्रायव्हरला, गावातल्या तंत्रज्ञाला. त्याने फोनवर सांगितलं आणि कुणी लिहिलं नाही, तर महिनाभराने पुण्यात बसून डेटातला झटका शोधणाऱ्याला ते कधीच कळणार नाही. आज मराठी बोलून टाईप होतं, भाषांतरही बरंच जमतं. त्यामुळे मराठीत सांगितलेली नोंद वहीत पोचवणं तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. अशी सोय पहिल्या दिवसापासून असावी असं मला वाटतं. नाहीतर जागा हिंगोलीची आणि नोंदी मात्र बाहेरच्यांच्या, असं होईल.

तुमच्या टीमसाठी

वेधशाळा नसली तरी ही पद्धत दुकान, सोसायटी, शाळा, शेतकरी कंपनी कुठेही चालते :

- अपडेट चार ओळींत : आत्ताची स्थिती, काय बदललं, काय अडलंय, पुढे कोण बघणार.
- साहेबांसाठी लिहू नका, तुमच्यानंतर काम हातात घेणाऱ्यासाठी लिहा.
- ‘काही नवीन नाही’ हेसुद्धा नोंदवा.
- खात्री नसेल तर ‘अजून पक्कं नाही’ असं लिहा, पण थांबून राहू नका.
- नोंदींची जागा वेगळी ठेवा. गुड मॉर्निंगच्या ग्रुपमध्ये त्या दोन दिवसांत वाहून जातात. एक साधी शेअर केलेली शीट पुरते.

आठवडाभर करून बघा. रजेवरून परत आलेल्या माणसाला कुणालाही फोन न करता काम सुरू करता आलं, तर पद्धत जमली असं समजा.