जपानची पहिली निवडणूक आणि एता वस्तीचा उमेदवार

1 जुलै 1890 रोजी जपानमध्ये पहिली संसदीय निवडणूक झाली. सम्राटाने राज्यघटना दिली, राज्यघटनेने संसद दिली. पण मत कोणाला दिले? वर्षाला 15 येन प्रत्यक्ष कर भरणाऱ्या, पंचवीस वर्षांवरील पुरुषाला. सुमारे चार कोटींच्या देशात मतदार साडेचार लाख. शंभरात जेमतेम एक!

जपानमध्येही अस्पृश्य होते, हे आपल्यातल्या अनेकांना ठाऊक नसते. मेलेली जनावरे ओढणाऱ्या, कातडी कमावणाऱ्या समाजाला तेथे 'एता', म्हणजे महामलिन, म्हणत. 1871 च्या फर्मानाने तो शब्द रद्द झाला. लोकांनी लगेच 'नवे सामान्यजन' हा शब्द काढला. पाटी बदलली, विटाळ तसाच राहिला. कातड्याच्या धंद्यावरचा पिढीजात हक्क मात्र गेला. (हा अनुभव आपल्याला नवा नाही.)

या निवडणुकीत ओसाकातून नाकाए चोमिन उभे राहिले. रूसोचा विचार जपानला सांगणारा हा माणूस जन्माने सामुराई. सरकारने 1887 मध्ये त्यांना टोकियोतून हद्दपार केले होते. 1888 मध्ये ओसाकाच्या वर्तमानपत्रात, आपण स्वतःच एता आहोत अशा भूमिकेतून त्यांनी लेख लिहिला आणि एतांना भारतातील 'परियां'च्या शेजारी बसवले. बाबासाहेबांच्या जन्माला तेव्हा तीन वर्षे अवकाश होता! चोमिन यांनी आपली नोंदणी एता वस्तीत हलवली, वस्तीने पाठबळ दिले आणि ते निवडून आले.

पुढे काय झाले? 1891 मध्ये त्यांच्याच पक्षातल्या काहींनी अर्थसंकल्पावर सरकारशी तडजोड केली. चोमिन यांनी संतापून राजीनामा दिला. बाणेदारपणाच तो. पण राजीनामा देताना वस्तीला कोणी विचारले? तेथल्या बहुसंख्यांना मुळात मतच नव्हते. चोमिन घरी गेले. वस्ती जिथे होती तिथेच राहिली. सहानुभूतीदाराच्या हेतूबद्दल शंका नाही, प्रश्न त्याला जाब विचारण्याच्या हक्काचा आहे. 1919 मध्ये साउथबरो समितीपुढे बाबासाहेबांनी नेमके हेच मांडले: अस्पृश्यांचे प्रतिनिधित्व अस्पृश्यच करू शकतील, आणि त्यासाठी मताधिकाराची अट खाली आणा.

जपानमध्ये कराची अट 1925 च्या कायद्याने गेली. स्त्रिया तरीही बाहेरच. त्याआधी 1922 मध्ये या समाजाने 'सुइहेइशा' ही स्वतःची संघटना उभी केली होती. तिचे नेते मात्सुमोतो जिइचिरो 1936 मध्ये फुकुओकातून निवडून आले. पहिल्या निवडणुकीनंतर 46 वर्षांनी! हेच मात्सुमोतो युद्धानंतर वरिष्ठ सभागृहाचे उपाध्यक्ष झाले. सम्राटाला पाठ दिसू नये म्हणून त्याच्यापुढे खेकड्यासारखे आडवे चालण्याची रीत होती. 1948 मध्ये त्यांनी तसे चालायला नकार दिला.